आवाज दोन फ्रेम पुढे

“आवाज दोन फ्रेम पुढं हाय,” तात्या म्हणाले.

दुकानातून आलेला तंत्रज्ञ हातातला रिमोट न ठेवताच हसला. “आजोबा, हे डिजिटल आहे. चित्र आणि आवाज एकाच डिस्कवरून येतात. पुढेमागे व्हायला जागाच नाही.”

“फिल्लमवर बी एकाच पट्टीवरनं येत्यात,” तात्या म्हणाले. “तरी हुतंय की.”

तंत्रज्ञाने विलासकडे पाहिले आणि विलासने माझ्याकडे. डिसेंबर २००८ मधला तो एक रविवार होता. कऱ्हाडच्या आमच्या इमारतीत विलास शेलार माझ्या वरच्या मजल्यावर राहत असे. कॉलेजात तो माझा विद्यार्थी होता आणि आता एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होता. मी पस्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. इमारतीत कुणाचा गीझर बिघडला तरी मला बोलावणे येई आणि मीही जाई.

“सर, तुम्हीच सांगा,” विलास म्हणाला. “हे दोनदा येऊन गेले. तात्यांचं एकच पालुपद.”

मी तंत्रज्ञाला जाऊ दिले, खाली जाऊन लॅपटॉप, एक प्रकाशसंवेदक आणि एक माइक घेऊन आलो. डिस्कवर जुना कृष्णधवल चित्रपट होता. त्यातल्या एका प्रसंगात मास्तर टेबलावर पट्टी आपटतात. संवेदक पडद्यावर पट्टी आदळते तिथे चिकटवला, माइक स्पीकरजवळ धरला आणि दोन्ही खुणा एकाखाली एक घेतल्या. आवाज चित्राच्या आधी येत होता. शहात्तर मिलिसेकंद आधी.

चित्रपटाची एक फ्रेम साधारण बेचाळीस मिलिसेकंदांची असते. मी आकडा दोनदा तपासला.

“नवे सपाट टीव्ही चित्र तयार करायला वेळ घेतात,” मी म्हणालो. “आवाज थांबत नाही, म्हणून पुढे निघून जातो. तात्यांचं बरोबर आहे. दोन फ्रेमला थोडं कमी.”

“थोडं कमी म्हंजी किती?” तात्यांनी विचारले.

“फ्रेमचा सहावा हिस्सा.”

“तेवढं फिल्लमला बी चालतंय,” तात्या म्हणाले. त्यांनी मला माफ केल्यासारखे वाटले.

सोपान शेलार, म्हणजे तात्या, चाळीस वर्षे बागवान मालकांच्या तंबू टॉकीजचे ऑपरेटर होते. पौषापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, पुढे कनातींचा तंबू, शंभर फुटांवर पडदा आणि पडद्याच्या दोन बाजूंना दोन कर्णे. गेल्या हंगामात माणदेशातल्या एका जत्रेत अर्धे रीळ कर्णे मुके राहिले होते आणि तात्यांना त्याचा पत्ता नव्हता. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग कनात फाडली, मग दगड आले. तात्यांच्या कपाळावर त्याची तीन टाक्यांची खूण होती.

दिवाळीत विलासने हा टीव्ही आणि पाच स्पीकरांचा डिस्क प्लेअर घेतला, तो त्या खुणेकडे बघून. तात्यांनी घरी बसून पिक्चर बघावेत, हा हेतू. पण बागवान मालकांचा निरोप आला होता: ट्रक मंगळवारी निघतो आहे, बहुधा हा शेवटचाच हंगाम, सोपानचे कान ठीक असल्याचे कुणा जाणत्याने लिहून दिले तर त्याची जागा त्याचीच आहे.

“जाणता म्हणजे डॉक्टर,” विलास वडिलांना म्हणाला. “उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. ते म्हणतील तसं.”

“डॉक्टर माझ्या कानावर वाट्या लावून शिट्ट्या वाजवणार. शिट्ट्यांनी काय कळतंय? सिंक वाजवून बघा म्हणावं.” तात्या माझ्याकडे वळले. “सर, भैऱ्या मानसाला सिंक कळंल का? तुमी सांगा.”

तर्क बिनतोड होता. ओठांचा आणि आवाजाचा मेळ बसतो की नाही हे सांगायचे, तर दोन्ही मिळायला हवेत.

“कळणार नाही,” मी म्हणालो.

“मग तुमीच घ्या परीक्षा. पास झालो तर जातो. नापास झालो तर हितंच बसतो, ह्यो इलास म्हनंल त्या डॉक्टरकडं जातो.”

विलासने जरा वेळ विचार केला. “सर घेणार असतील तर मला मान्य आहे. सर कुणाला सोडत नाहीत. मला रेझोनन्स ट्यूबच्या प्रयोगाला तापमान लिहिलं नाही म्हणून जर्नल परत केलं होतं यांनी.”

“परिस्थितीचा रकाना रिकामा होता,” मी म्हणालो. “तापमान माहीत नसेल तर ध्वनीच्या वेगाला अर्थ नाही.”

“ऐकलंत तात्या? असे आहेत हे.”

परीक्षेआधी प्लेअर नीट बसवणे भाग होते. मेनूमध्ये प्रत्येक स्पीकरचे श्रोत्यापासूनचे अंतर भरावे लागते. मी सोफ्यावरून टेप धरली.

“माप कुठनं घेताय?” तात्यांनी विचारले.

“सोफ्यावरून. बघणारे इथेच बसतात.”

“शालन कुठं बसती?”

शालन ही विलासची बायको. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “मी कुठं बसते, मामा? मी इथं उभी असते.” सासऱ्यांना ती मामा म्हणे. हे बोलण्याआधी ती दोन पावले पुढे येऊन उजेडात उभी राहिली, हे मी पाहिले; त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

“मग तिथनं घ्या माप,” तात्या म्हणाले. “सिंक शेवटच्या रांगंचा धरायचा. पुढच्या रांगंला पडदा दिसतो, हिरॉईन दिसती, ती खूश असती. मागच्याला समदं उशिरा पोचतं. सत्तेचाळीस फुटाला एक फ्रेम. म्हणून म्या मशीनवर फिल्लमचा खालचा लूप, म्हंजी ढिला वेढा, एका फ्रेमनं आखूड धरायचो, आवाज तेवढा आधी निघायचा. मोठी जत्रा असली तर दोन.”

सत्तेचाळीस फूट. ध्वनीचा वेग आणि फ्रेमचा काळ यांचा गुणाकार मी मनात केला. आकडा बरोबर होता. हा माणूस सातवीच्या पुढे शिकला नव्हता. सोफा आणि स्वयंपाकघराचे दार यांत दहा फुटांचा, म्हणजे नऊ मिलिसेकंदांचा फरक होता, जो कुणाही माणसाला कळत नाही. पण तो भरायला माझे काही जात नव्हते. मी माप दारातून घेतले.

परीक्षा मी माझ्या पद्धतीने आखली. आवाज किती उशिरा सोडायचा, त्याच्या तीन जागा: शून्य, ऐंशी आणि एकशे साठ मिलिसेकंद. म्हणजे आवाज पुढे, बरोबर आणि मागे. प्रत्येकीच्या चार चिठ्ठ्या, एकूण बारा. तेरावी चिठ्ठी मी कुणाला न सांगता घातली: आवाज पूर्ण बंद. चिठ्ठी शालनने उचलायची, टीव्हीवर टॉवेल टाकून त्याखाली डोकावत मेनूत आकडा बदलायचा, टॉवेल ओढायचा आणि तात्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहायचे. उत्तर विलासने लिहायचे. चिठ्ठीत काय आहे ते त्याला माहीत नसणार. मी स्वतः गॅलरीत, खोलीकडे पाठ करून. परीक्षकाच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचणारी माणसे असतात, आणि गणिते सोडवणारे म्हणून गाजलेले घोडेही असतात. यावर मी वर्गात एक तास घेत असे.

तात्यांनी वेताची खुर्ची उचलली आणि टीव्हीखालच्या सागवानी फळीला लावून ठेवली. मधला स्पीकर, ज्यातून संवाद येतात, तो त्याच फळीवर होता. डावा हात फळीवर टेकवून ते बसले.

“इतक्या जवळून?” विलास म्हणाला. “डोळे जातील.”

“ऑपरेटर मशीनला लागूनच असतो,” तात्या म्हणाले.

मी गॅलरीतून ऐकत होतो. मास्तर नायिकेला रागावत होते.

“पुढं,” तात्या म्हणाले. टॉवेल पडला, उठला. “बरूबर.” पुन्हा. “मागं. लई मागं.” पुन्हा. “मागं.”

सातव्या वेळी मास्तरांचा आवाज आलाच नाही. एक सेकंदही गेला नसेल.

“आवाज बंद हाय,” तात्या म्हणाले. “कुणाचा अंगठा पडला बटनावर?”

शालन हसली, विलास हसला, आणि गॅलरीत पाठमोरा मीही हसलो.

तेरांपैकी बारा उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजाने इतके जमण्याची शक्यता वीस हजारांत एकापेक्षा कमी होती. मी ते विलासला सांगितले.

विलासने कागद दोनदा वाचला. “ठीक आहे, तात्या,” तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता की पंचाईत झाली होती, ते सांगता येत नव्हते. “जा. मी मालकांना फोन करतो. आणि पेढे आणतो, सरांना रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं.” चपला घालून तो खाली उतरला.

इथे मी थांबायला हवे होते. पण अंतराची सगळी मापे मी दारातून घेतली होती आणि परीक्षा मात्र स्पीकरला नाक लावून झाली होती. प्रयोग अपुरा होता.

“तात्या,” मी म्हणालो, “आता सोफ्यावर बसून थोड्या चिठ्ठ्या घेऊ. पूर्ण होईल.”

“आता कशाला? पास झालो की.”

“पास झालात. माझ्यासाठी.”

ते जागचे हलले नाहीत. शालन म्हणाली, “सर, पोहे करू का? राहू दे ना आता ते.”

मी पोहे नकोत म्हणालो. तात्या उठले आणि सोफ्यावर जाऊन बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नसावे. मी वही घेऊन पुन्हा गॅलरीत पाठमोरा उभा राहिलो.

“बरूबर,” तात्या म्हणाले. मग, “पुढं.” मग बऱ्याच वेळाने, “मागं असंल.” पाच उत्तरे झाली. मी लिहीत होतो.

सहाव्या वेळी टॉवेल ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर कसलाच आला नाही. खालच्या रस्त्यावर कुणी रिक्षा चालू करत होते. मी दहा सेकंद मोजले.

“दोन फ्रेम मागं,” तात्या म्हणाले.

मी वळलो. पडद्यावर मास्तर तोंड उघडत आणि मिटत होते. तात्या त्यांच्या ओठांकडे एकाग्र होऊन बघत होते, आणि त्यांच्यामागे शालन एका हातात रिमोट व दुसऱ्या हातात तेरावी चिठ्ठी घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. तिने बटण दाबले आणि मास्तर पुन्हा रागावू लागले.

मी तात्यांच्या समोर जाऊन म्हणालो, “पुरे, तात्या.”

“बरूबर आलं का समदं?”

“बघतो,” मी म्हणालो.

पाण्याच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेलो. शालन चिठ्ठ्या घेऊन मागोमाग आली. त्या वहीशी ताडून पाहिल्या: आधीच्या पाचांपैकी दोन बरोबर. नुसत्या अंदाजाने सांगितले असते तरी तेवढेच आले असते. फळी, मधला स्पीकर, डावा हात. आता ते सरळ दिसत होते.

“किती दिवस?” मी शालनला विचारले.

“मला कळून तीन वर्षं झाली. त्यांना माहीत नाही मला कळलंय ते. हाक मारायच्या आधी मी समोर जाऊन उभी राहते, एवढंच.” तिने पेला माझ्या हातात दिला. “सर, टाके पडल्यावर दीड महिना ते घरी होते. रोज एका दाराच्या बिजागरीला तेल घालायचे. आणि मला विचारायचे, आता करकरतंय का गं. आमच्या घरात एक दार वाजत नाही आता.”

मी पाणी प्यायलो.

“तुम्ही काय लिहिणार?” तिने विचारले.

उत्तर देण्याआधी विलास पेढे घेऊन आला.

मालकांसाठी लिहायचा कागद मी जेवणाच्या टेबलावर लिहिला. प्रयोगाचा हेतू. साहित्य. कृती. निरीक्षण: श्री. सोपान शेलार यांनी चित्र व ध्वनी यांचा मेळ तेरांपैकी बारा वेळा अचूक ओळखला. या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. ‘ओळखला’ म्हणजे कशाने ओळखला, हे मी लिहिले नाही. सोफ्यावरच्या सहा चिठ्ठ्या वहीतच राहिल्या.

विलासने कागद वाचला आणि हसला. “सर, परिस्थितीचा रकाना रिकामा आहे.”

“घरगुती चाचणी आहे,” मी म्हणालो. “चालतं.”

“माझं नव्हतं चाललं,” तो म्हणाला, आणि कागदाची घडी घालून त्याने ती वडिलांना दिली. तात्यांनी ती खिशात ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी एक अपुरा निकाल सही करून दिला होता. तो कुणाच्या कपाळावर कुठे उमटेल, याचा हिशेब मला करता येत होता.

सोमवारी सकाळी, विलास शाळेत गेल्यावर, मी पुन्हा वर गेलो. बरोबर एक टॉर्चचा दिवा होता, एक स्कूटरच्या इंडिकेटरचा मोठा दिवा, आणि थोडी वायर. तात्या पिशवी भरत होते. मी त्यांच्या समोर उजेडात उभा राहिलो आणि मोठा दिवा त्यांच्या हातात दिला.

“हा कर्ण्याच्या तारांना जोडायचा. कर्ण्यापाशी, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, ट्रकमधून दिसेल असा. ट्रकात तुमच्याजवळ असतो त्या मॉनिटर स्पीकरला नाही. आवाज कर्ण्यापर्यंत पोचत असेल तर हा लुकलुकेल. तार तुटली तर विझेल.”

तात्यांनी दिवा बोटांत फिरवला. बराच वेळ फिरवला. मग ते खुर्चीवर बसले.

“कधी कळलं?”

“सहाव्या चिठ्ठीला. आवाज बंद होता.”

त्यांनी मान हलवली. “आन् पयल्या डावाला?”

“पहिल्या डावाला तुमचा हात फळीवर होता.”

त्यांनी डावा तळवा उघडून पाहिला. “ट्रकात मॉनिटरच्या खोक्यावर ठेवतो. बाप्या बोलला की हितं लागतंय.” त्यांनी मनगटाजवळ बोट ठेवले. “बाई बोलली की हितं, शेंड्याला. मागल्या साली मॉनिटर चालूच हुता, सर. तार पुढं तुटली, ट्रॅक्टर गेला तिच्यावरनं. माझ्या हाताला पिक्चर चाललेलाच. लोक का उठल्यात तेच मला कळंना.”

“म्हणून दिवा कर्ण्यापाशी,” मी म्हणालो.

“चालंल का पर ह्यो?”

मी टॉर्चचा दिवा मधल्या स्पीकरच्या तारांना जोडला, तो टीव्हीच्या चौकटीवर चिकटवला आणि आवाज वाढवला. शालन स्वयंपाकघरातून कानांवर हात ठेवून आली. मास्तर रागावले की दिवा पेटे, श्वास घेत तेव्हा विझे. तात्या सोफ्यावर जाऊन बसले आणि बघू लागले. त्यांचे ओठ किंचित हलत होते.

“एक फ्रेम मागं हाय,” ते म्हणाले.

मी मेनू पाहिला. ऐंशी मिलिसेकंद, म्हणजे मेळ बरोबर होता. चूक म्हणून खूण करायला मी पेन्सिल टेकवली, आणि थांबलो. दिव्याच्या तारेला तापायला वेळ लागतो. ती आवाजाबरोबर पेटत नाही, थोडी नंतर पेटते. माझा संवेदक अजून पिशवीत होता. तो दिव्यासमोर धरला. उशीर पस्तीस मिलिसेकंदांचा होता.

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हणालो. “आवाज जागेवर आहे. दिवा उशिरा लागतो.”

“नेमानं उशिरा लागतो?”

“दर वेळी तेवढाच.”

“मग काय अडचन न्हाई. लूपासारखंच. एक फ्रेम मनात वजा धरायची.”

सहा चिठ्ठ्या घेतल्या. टॉवेल टाकायचे काम शालनने न सांगता केले. सहाही उत्तरे बरोबर आली. एका चिठ्ठीत आवाज बंद होता, दिवा काळा राहिला आणि तात्या म्हणाले, “इझला.” मग त्यांनी मागे वळून सुनेकडे पाहिले. “तुला बी ठावं व्हतं व्हय गं?”

“हो, मामा,” ती समोर येत म्हणाली.

“म्हणून समोर येऊन बोलायचीस. मला वाटायचं, लई मानती सासऱ्याला.”

“मानते की,” शालन म्हणाली.

तात्यांनी खिशातली घडी काढून टेबलावर ठेवली. “सर, दुसरा लिवा. समदं लिवा.”

“मालक वाचतील, तात्या. विलासही वाचेल. तुम्हाला कदाचित नेणार नाहीत.”

“न्हाई नेलं तर न्हाई. मालकाला म्या कधी फशिवलं न्हाई.” त्यांनी मोठा दिवा पिशवीत ठेवला. “तीन वर्सं फशिवलं. तेवढंच.”

मी दुसरा कागद घेतला. परिस्थितीच्या रकान्यात लिहिले: पहिली मालिका, डाव्या हाताचा तळवा ध्वनिक्षेपकाच्या फळीवर. दुसरी मालिका, स्पर्शाविना; सहांपैकी दोन. तिसरी मालिका, तारांना जोडलेला दिवा पाहून, सहांपैकी सहा. त्याखाली, वेगळ्या ओळीत: यांना ऐकू येत नाही. सही करून मी तो तात्यांना दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि पहिला कागद मला परत केला.

मंगळवारी सकाळी सातला विलासने माझी बेल वाजवली. दुसरा कागद त्याच्या हातात होता.

“रविवारी माहीत होतं तुम्हाला,” तो म्हणाला.

“हो.”

“मी रकान्याची थट्टा केली तेव्हाही?”

“हो. तो कागद परत करायला हवा होता.”

तो उंबऱ्यातच उभा राहिला. “मला घरात कळत नव्हतं, सर. मी रोज पाठमोरा बोलायचो त्यांच्याशी. पेपर वाचता वाचता. मला वाटायचं, मुद्दाम उत्तर देत नाहीत.”

मी दार पूर्ण उघडले.

“मालक काय म्हणाले?” मी विचारले.

“काल फोनवर सगळा कागद वाचून दाखवला त्यांना.  म्हणाले, एक दिवा गेला तर काय करायचं, दोन लावा.” त्याने कागदाची घडी घातली. “मी नको म्हणणार होतो. पण ते पिशवी दाराशी ठेवून बसलेत, सर. माझ्या तोंडाकडे बघत. चला, ट्रकपर्यंत सोडायला जाऊ.”

वैशाखात तात्या परत आले. त्याच आठवड्यात विलासबरोबर जाऊन त्यांनी कानांचे यंत्रही आणले, पण तक्रार अशी की त्यातून सगळे गाव एकाच कर्ण्यातून बोलते. ते गेल्याला आता बरीच वर्षे झाली. मोठा दिवा शालनने मला दिला. तो माझ्या टेबलावर दोन्ही कागदांवर ठेवलेला असतो.

परत आले त्या दुपारी ते माझ्याकडे बसायला आले. मी खुर्ची खिडकीकडे वळवून समोर बसलो.

“आवाज गेला का कधी?” मी विचारले.

“एकदा बी न्हाई. दिवा गेला एकदा. दोन्ही गेले, पाठोपाठ. आवाज चालूच हुता. म्या आपली मशीन बंद केली, ऐन मारामारीत. लोकांनी लई शिव्या दिल्या.”

“शिव्या तुम्हाला कशा कळल्या?”

“समदी ट्रकाकडं वळली हुती. तोंडावरनं वाचल्या, सर,” तात्या म्हणाले. “पार पुढच्या रांगंपातूर.”